कागदाची आणि कानाचा

आवाज दिलाच नव्हता, आणि आईनं बटण दाबलं. काचेपलीकडे ती ताठ बसली होती, कानांवर जाड हेडफोन, मांडीवर पर्स, मुठीत बटण. माझ्या बाजूचा छोटा हिरवा दिवा लागला आणि विझला. मी माझ्याच बोटाकडे पाहिलं. ते हवेत होतं, यंत्राला लागलंही नव्हतं. कान तपासणं हे माझं काम. बंद खोलीत माणसाला बसवायचं, एकेक सूर सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. माणसं या खोलीत खोटं बोलतात हे मला नवं नाही. सुनेसमोर बहिरं ठरायला नको म्हणून सासरे हट्टानं दाबत राहतात. पण आई खोटं बोलत नव्हती, ती तालात होती. वर्षानुवर्षं तीच ती तपासणी करून माझ्या हाताला एक चाल पडली असणार, सूर, उसंत, सूर, उसंत, आणि मला स्वतःला कधी न कळलेली ती चाल आईनं सुरुवातीलाच उचलली होती. पुढे सूर ऐकू येईनासे झाले तरी सुरांच्या जागा तिला ठाऊक होत्या, आणि त्या जागांवर ती दाबत होती, बरोब्बर, इमानेइतबारे. मी हात मांडीवर घेतला आणि थांबले. आईनं मान किंचित हलवली, दाबलं, आणि पैकीच्या पैकी मिळाल्यासारखी माझ्याकडे बघून हसली. 

मग मी चाल मोडली. दोन सूर लागोपाठ सोडले, नंतर बराच वेळ काहीच नाही, मग भलत्याच कानात एक. आईचं हसू हळूहळू उतरलं. खालचे सूर तिला लख्ख ऐकू येत होते, मधलेही. वरचे, म्हणजे पियानोच्या उजव्या टोकाकडचे, जवळजवळ नाहीतच. बाहेर आल्यावर चष्मा लावून तिनं आलेख पाहिला. डावीकडून रेघ गुमान चालत येते आणि मग एकदम खाली. "ही कसली घसरगुंडी?" ती म्हणाली. मी समजावून सांगितलं. वरचे सूर आधी जातात, सगळ्यांचेच जातात, तुझे जरा घाईनं गेले. कानाचं मशीन लावता येईल, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तोवर पियानो पत्रा बडवल्यासारखा वाटतो. आईबाबांचा एकत्र पियानो वाजवण्याचा कार्यक्रम तोंडावर आलेला, तेवढा अवधी नव्हता. "मला वाटलं घरचा पियानो म्हातारा झाला," आई म्हणाली. "वरची नुसती लाकडाची टकटक येते. ट्यूनरला मी वाट्टेल ते बोलले गं." रेघ जिथे खाली पडते तिथे तिनं बोट ठेवलं आणि थोडा वेळ उचललंच नाही. मग म्हणाली, "कागदावर आलं म्हणजे खरंच की. ह्यांना सांगायचं नाही."

मी कारण विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच बहिरी आहे. "सांभाळून घेतील मला," ती म्हणाली. "माझ्या चुका झाकत बसतील. तसलं वाजवणं नको मला. वाजवीन तर स्वतःचं, नाहीतर झाकण लावून टाकीन."

हे सगळं आता डोक्यात येतंय ते मी इथे बसले आहे म्हणून. रविवारची दुपार आहे, सभागृहाच्या उंच खिडक्यांवर जाड पडदे ओढलेत पण एका पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी येऊन पुढच्या माणसाच्या टकलावर पडली आहे. माझ्या शेजारी ट्यूनरकाका, पियानोचे सूर लावून देणारे. या सभागृहाचा पियानोही तेच बघतात आणि आमच्या घरचाही. पियानोशी त्यांचं नातं लग्नघटिकेपर्यंत जागलेल्या वधूपित्यासारखं आहे. कुणी वाजवायला लागलं की त्यांना गुंगी येते. रंगमंचावर एक काळा लांबलचक पियानो, झाकण वर केलेलं, आणि समोर एकच लांब बाक. बाक पाहिला की मला बरं वाटतं. आईबाबांनी दोन पियानोंवर वाजवलेलं मला आवडत नाही. दोन पियानो म्हणजे दोन घरं. त्यांचा संसार एका बाकावरचा, चार हात आणि सुरांची एकच पट्टी, मधल्या सुरांवरून रोजची हद्दीची भांडणं. कोपर कुणाचं कुणाला लागलं, तुझा अंगठा माझ्या अंगणात का आला. ती दोघं आली. आई निळ्या रेशमात, मान तशीच ताठ, बाबा मागून जरा लंगडत्या ऐटीत, जसे ते पूर्वी, हॉटेलात वाजवायचे तेव्हा, टेबलांमधून वाट काढत येत असतील. टाळ्या झाल्या. आई उजवीकडे बसली, बाबा डावीकडे. माझा उजवा अंगठा मुठीत वळला.

लहानपणी माझी जागा पियानोखाली होती. माणसं आईवडिलांना चेहऱ्यानं ओळखतात, मी पायांनी ओळखत होते. डावीकडे बाबांचे बूट; उजवा बूट पितळी पेडलवर, सारखा दबतोय, उचलतोय, दबतोय. उजवीकडे आईचे पाय घोट्यात घोटा घालून बाकाखाली गप्प बसलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. एका पियानोवर दोघं वाजवत असली की पेडल डावीकडच्याचं. हा आमच्या घरचा नियम नाही, सगळीकडची रीत आहे, कारण खालचा घुमारा सांभाळायचा असतो. पण त्याचा अर्थ असा की आईचा सूर किती वेळ टिकणार हे बाबांच्या पायावर. सूर वाजवायचा तिनं आणि तो धरून ठेवायचा की सोडायचा हे ठरवायचं ह्यांनी. यावरून जन्मभर धुसफूस. "तुमचा पाय म्हणजे ओला टॉवेल आहे. सगळं चिकटवून ठेवता." "अगं, लोकांना घरी नेता येईल इतका तरी ओलावा नको का?" आणि वर लाकडाच्या पोटातून हे सगळं माझ्या डोक्यावर कोसळत असे, गोड, प्रचंड. घरात वाजवणारे दोन होते. ऐकणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी ऐकणारी झाले. बाबा मला कानवाली म्हणतात.

पहिला तुकडा आईच्या माहेरचा. म्हणजे पाश्चात्य शास्त्रीय, काटेकोर, कागदावर लिहिलेलं तसंच्या तसं. आईला एका कडक बाईंनी शिकवलं होतं; बोटं वाकडी पडली तर त्या पट्टी मारत नसत, नुसत्या उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत, आणि ते जास्त लागे. आईचं म्हणणं, संगीत कागदावर असतं, आपण फक्त मध्ये लुडबूड करायची नाही. बाबा कानाचे. हॉटेलच्या जेवणघरात ते रोज संध्याकाळी वाजवत, चमच्यांच्या आणि सूपच्या आवाजाखालून. सिनेमातली गाणी, नाचाची गाणी, कुणी फर्माईश केली की एकदा ऐकून दुसऱ्यांदा वाजवणार. आई तिथे मैत्रिणीबरोबर जेवायला गेली आणि एखाद्यानं सूप परत पाठवावं तसं तिनं वेटरबरोबर कळवलं की तुमचा दुसरा स्वरमेळ चुकतोय. उत्तर आलं, कागदावर चुकत असेल, कानाला बरोबर आहे. ती चिडून उठली, पियानोपाशी गेली, उभ्या उभ्या उजव्या हातानं बरोबर काय ते वाजवून दाखवलं. बाबा सरकले आणि बाकावर जागा केली. ही गोष्ट आमच्याकडे इतक्यांदा सांगून झाली आहे की सुपाची चव मला तोंडात येते. तेव्हापासून घरात दोन जाती, कागदाचे आणि कानाचे. पाहुणा गेला की आई विचारणार, "कागदाचा का कानाचा?" दुधवाला कानाचा, बँकेतला साहेब कागदाचा, मी कुठलीच नाही. मी कानांचे कागद करते, असं बाबा म्हणतात.

आई वाजवतेय. मी तिच्या उजव्या हाताच्या करंगळीकडे बघतेय, ती वर जाते तिथे मी पुढे वाकते. ऐकू न येणारा माणूस जोरात बोलतो, हा माझ्या धंद्यातला पहिला पाठ. आपला आवाज आपल्याला पोचत नाही म्हणून तो वाढवत जातो, आणि आजूबाजूचे कसनुसे हसतात. वाजवणाराही तेच करणार. वरचा सूर कानाला लागला नाही की बोट आपोआप जास्त वजन टाकणार, खिळा ठोकल्यासारखं. पहिल्या तुकड्यात भीती नव्हती, तो मध्यातच फिरतो. दुसऱ्यात एकदोन जागा होत्या आणि आईनं त्या नाजूक ओलांडल्या. कशा ओलांडल्या ते मला ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात मी घरी गेले तर बाबा फिरायला गेलेले आणि आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी. तिच्यासमोर पिठाचा वजनकाटा, तो गोल तबकडीवाला जुना. मला वाटलं काहीतरी मोजून करतेय. तर पारड्यात काहीच नव्हतं. ती करंगळीनं पारडं दाबत होती आणि काट्याकडे बघत होती. दाबलं, काटा हलला, सोडलं. पुन्हा. मी दारातच उभी राहिले. "ये," ती न वळता म्हणाली. "हे बघ. काटा या रेघेपाशी आला की हळू. त्या रेघेला गेला की धोपटणं. कानानं नाही कळत तर बोटानं कळेल. बोटं अजून शाबूत आहेत." मग चौथ्या बोटानं, मग तिसऱ्यानं, हरेक बोटाला तेवढंच वजन शिकवत ती बसली होती, ज्या बाईनं आयुष्यभर मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं ती, ओट्यापाशी, पिठाच्या काट्यावर. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्यावर खेकसले, "चहा तरी घेतलास का?" आमच्याकडे असंच असतं. प्रेम आलं की आधी खेकसायचं.

अवघड जागा एकच आहे आणि ती शेवटी आहे. कार्यक्रमातला शेवटचा तुकडा बाबांनी बांधलेला. खाली जुनं शास्त्रीय संथ वाजवणं, आईच्या बाईंनी शिकवलेलं, एका अक्षराची ढवळाढवळ नाही. आणि त्याच्या आतून हळूच एक सिनेमातलं गाणं डोकं वर काढतं. सगळ्यांना ठाऊक असलेलं. कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरत नाही, घराघरांत भांडी विसळताना, पोरं निजवताना गुणगुणलं जाणारं. बाबांनी ही कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा आई आठवडाभर बोलली नाही. बाईंच्या संगीतात तुम्ही बाजार भरवणार, म्हणाली. मग एका सकाळी तीच बसली आणि म्हणाली, गाणं आलं तर वरच आलं पाहिजे, अगदी वर, उजव्या टोकाला, आणि इतकं हळू की आलं की नाही ते कळू नये. बाबा म्हणतात, कागदाच्या बाईला कानाचं एक पान सुचलं ते तेवढंच, पण माझ्या सगळ्या वहीभर गाण्यांना भारी. लोक त्या एका पानासाठी येतात. शेवटी खालचं सगळं विरतं, बाबांचे हात जवळजवळ थांबतात, आणि वर आईचं गाणं एकटंच राहतं, दूरच्या खिडकीत कुणी गुणगुणावं तसं. ते तिथे जोरात झालं तर संपलं. सगळं सभागृह कसनुसं हसेल, बाबांना कळेल, आणि आई झाकण लावून टाकेल. ती बोलते तसं करते.

मध्यंतरात लोक चहाकडे धावले. ट्यूनरकाका जागे झाले होते. "छान चाललंय," ते म्हणाले, "वरचा भाग कसा वाटतोय तुला? जास्तच मऊ नाही ना झाला?" मी विचारलं, कसला वरचा भाग. ते जरा घुटमळले, मग कपात बघत म्हणाले, "आता तुला सांगायला काय हरकत आहे. तुझ्या वडिलांनी गळ घातली होती. वरच्या हातोड्या मऊ करून द्या म्हणाले." पियानोच्या आत तारेवर जी हातोडी पडते तिच्या तोंडाला दाबलेली लोकर असते, ती कडक झाली की सूर टोचतो, मग हे लोक सुयांनी ती लोकर टोचून टोचून भुसभुशीत करतात. "मी म्हटलं, अहो, सभागृहाचा पियानो, एवढा मऊ केला तर लोक बोंबलतील. तर म्हणाले, तेवढा वरचाच भाग. अलीकडे वरचे सूर माझ्या कानाला फार लागतात हो." काकांनी कप खाली ठेवला. "वय झालं की होतं का गं असं? तुला कानांतलं कळतं."

होत नाही असं. वय झालं की वरचे सूर जातात, लागत नाहीत. मी काकांना काहीतरी हो-नाही सांगितलं आणि भिंतीला टेकले. म्हणजे बाबांना माहीत आहे. कधीपासून, कसं, काही नाही, नुसतं माहीत आहे. ते कानाचे. रोज त्या बाकावर तिच्या खांद्याला खांदा लावून बसतात. तिचा एखादा सूर केसभर जड पडला की त्यांना कळणार नाही तर कुणाला. आणि त्यांनी तिला हाक मारून हळू म्हटलं नाही, काही विचारलं नाही, मलाही नाही. स्वतःच्या कानांवर आळ घेतला, गुपचूप ट्यूनरला गाठलं आणि तिच्या बोटांखाली मऊ अंथरूण घालून ठेवलं. तिनं कितीही जोरात वाजवलं तरी ते हळूच पडेल. या माणसाला आम्ही आयुष्यभर गमत्या समजत आलो. मला रडूच यायला लागलं, आणि त्याच वेळी, त्या रडण्याच्या मधोमध, मला पिठाचा काटा दिसला.

तिनं कितीही जोरात वाजवलं तरी. पण ती जोरात वाजवणार नव्हती. ती त्या पहिल्या रेघेपाशी थांबणार होती, बोटं घोटून घोटून तयार केलेली, घरच्या कडक पियानोवर जेवढं लागतं तेवढंच वजन. आणि इथे लोकर भुसभुशीत. ते तिच्यापासून लपवून सांभाळताहेत आणि ती त्यांच्यापासून लपवून स्वतःला सांभाळतेय, आणि दोघांचं सांभाळणं एकमेकांवर पडलं की तिथे सूरच उरत नाही. दोन माणसं दोन्ही बाजूंनी दार धरून ठेवतात, आधी तू म्हणून, आणि कुणीच आत जात नाही. मी निघाले, रंगमंचामागे जायला, कुणाला तरी काहीतरी सांगायला. पण काय सांगणार होते? आईला सांगावं तर बाबांना माहीत आहे हे सांगावं लागेल, आणि ती वाजवायचीच नाही. बाबांना सांगावं तर आईला दिलेला शब्द. दाराशी घंटा झाली. लोक चहाचे ओठ पुसत आत शिरायला लागले, काकांनी मला हात केला, आणि मी परत येऊन बसले.

शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हा टकलावरची उन्हाची पट्टी सरकून रिकाम्या खुर्चीवर गेली होती. मी आईबाबांना पुष्कळदा ऐकलं आहे, पण आज जे ऐकलं ते सांगायला माझ्याकडे भाषा तोकडी आहे. खालचं संथ चालणं, बाबांचे जाड हात, हॉटेलात चमच्यांशी झगडलेले, एवढे समजूतदार झालेले. मध्ये आईचा डावा हात, बाईंच्या खिडकीपाशी उभं राहण्याला अजून घाबरणारा, एकही अक्षर न चुकणारा. आणि त्या दोघांच्या मधून गाणं उठू लागलं. आधी नुसती चाहूल. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी श्वास आत घेतला, ओळखीचं कुणी रस्त्यापलीकडे दिसलं की घेतात तसा. गाणं वर चढत गेलं. मधल्या सुरांतून उजवीकडे, आणखी उजवीकडे, आईचा हात पट्टीच्या टोकाकडे सरकत गेला, ती बाकावर किंचित झुकली, बाबांचा पाय खाली गेला आणि तसाच राहिला. मी डोळे मिटले, मग उघडले. गाणं पातळ होत होतं. दोन सूर आले, एक आला, एक आलासा वाटला. आणि मग काही नाही.

आईची बोटं चालत होती. मला स्पष्ट दिसत होतं. करंगळी, चौथं, करंगळी, तिसरं, काट्याच्या त्या रेघेपाशी जाऊन परत येणारी, एकसारखी, निर्दोष. पण तारा बोलत नव्हत्या. नुसती लाकडाची टकटक, तीही इतकी बारीक की सभागृहात धूळ बसावी. आईला हेच ऐकू येत होतं, तिला रोजच एवढंच ऐकू येतं, त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही. तिच्या चेहऱ्यावर लख्ख शांतता होती. मी बाबांकडे पाहिलं. बाबांना कळलं होतं. त्यांची मान अर्धी वळलेली, डोळे तिच्या बोटांवर. ते काहीही करू शकले असते. खालून तेच गाणं उचलून वाजवू शकले असते, त्यांना कितीसा वेळ लागतो. हॉटेलात कुणी चुकलं की ते हेच तर करत. त्यांचे हात उचललेही गेले, आणि मी पाहिलं की ते हवेत थांबले, आणि मग बाबांनी ते दोन्ही हात अलगद मांडीवर ठेवले. फक्त पाय तसाच राहू दिला, सगळ्या तारा मोकळ्या, न वाजलेला सूरसुद्धा धरून ठेवायला.

आणि कुणी हललं नाही. कुणी हसलं नाही. टकटक, टकटक, आणि त्या जागांवर, बरोब्बर त्या जागांवर, गाणं चालू होतं. मी शपथेवर सांगते ते चालू होतं. मागच्या रांगेतल्या बाईंच्या ओठांवर होतं, टकलू गृहस्थांच्या हलणाऱ्या मानेत होतं, ट्यूनरकाका चक्क जागे होते आणि त्यांचा हात गुडघ्यावर पडत होता. सगळ्यांना ते पाठ होतं. बाईंच्या कडक संगीतानं सगळ्यांना दारापर्यंत आणून सोडलं होतं आणि भांडी विसळतानाच्या गाण्यानं त्यांना आत घेतलं होतं, आणि आता वाजायची गरज कुणालाच उरली नव्हती. इतकं हळू की आलं की नाही ते कळू नये, असं ती म्हणाली होती. मी माझ्या हाताकडे पाहिलं. आवाज दिलेला नव्हता, आणि माझा अंगठा रिकाम्या मुठीत दाबत होता, सोडत होता, दाबत होता, एकही जागा न चुकता.

आईनं शेवटचं बोट उचललं आणि हात मांडीवर घेतला. बाबांनी पेडल सोडलं. तेवढा एक सुस्कारा मात्र सगळ्यांना ऐकू आला, तारा गप्प करणारी लोकर परत त्यांच्यावर बसल्याचा. मग टाळ्या आल्या त्या सावकाश आल्या आणि थांबेचनात.

मागच्या खोलीत गर्दी होती ती पांगेपर्यंत मी कोपऱ्यात उभी राहिले. लोक येऊन आईचा हात हातात घेत होते आणि काही न बोलता जात होते. आई प्रत्येकाला मान लववत होती. खोलीत आम्ही तिघंच उरलो तेव्हा बाबा खिडकीपाशी जाऊन पडद्याच्या दोरीशी खेळू लागले. आईनं मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणून, म्हणजे ती आणते तितका खाली आणून, विचारलं, "खरं सांग हं. जोरात नाही ना झालं?"

"नाही."

"मग लोक असे का बघत होते? शेवटचं वाजलं ना?"

मी रोज माणसांना खरं सांगते. ते जरा मऊ करून सांगायचं कसब मला आहे, पण ती माझी आई होती आणि तिनं काट्यावर बोटं घोटली होती. "वाजलं नाही," मी म्हटलं. "पण ऐकू आलं. सगळ्यांना."

 मग तिनं स्वतःची करंगळी उचलून डोळ्यांसमोर धरली, अंगठ्यानं तिचं टोक दाबून पाहिलं. मला वाटलं आता कोसळेल. पण तिच्या कपाळावर जी आठी आली ती माझ्या ओळखीची होती. चूक कुठे झाली ते सापडल्यावर येते ती. "तरीच," ती म्हणाली. "बोटाला गादीवर पडल्यासारखं वाटत होतं. लोकर टोचलेली आहे वरची." आणि खिडकीकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "अहो."

बाबांनी दोरी सोडली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काय कधी कळलं?" बाबा म्हणाले. मग ते सोंग त्यांनाच जमेना. "मागल्या हिवाळ्यात. तू ट्यूनरवर ओरडलीस ना, तेव्हा. त्याचं काम चोख होतं गं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

यावर पूर्वी दोन दिवस पुरेल असं भांडण झालं असतं. मी पर्स काखेत घेऊन तयारच होते. आई खुर्चीवर बसली, पायांतले सँडल काढले आणि आपल्या पावलांकडे बघत राहिली, बाकाखाली आयुष्यभर गप्प बसलेल्या त्या पावलांकडे. "सांभाळून घेतलंत," ती म्हणाली. पण ज्या सुरात ती ते म्हणेल असं मला वाटलं होतं तो सूर नव्हता. "शेवटी हात मांडीवर ठेवलेत. ते मी पाहिलं. मला वाटलं, माझं वाजतंय म्हणून ऐकताहेत."

"ऐकतच होतो," बाबा म्हणाले.

 बाहेर रंगमंचावर कुणीतरी झाकण खाली घेतल्याचा आवाज झाला. तो खालचा होता, आईला ऐकू आला, तिनं मान वर केली. "खालचं मला अजून सगळं ऐकू येतं," ती म्हणाली. "हिनं कागदावर काढून दाखवलंय. तेव्हा आता मी डावीकडे बसते. तुम्ही सरका उजवीकडे. गाणं तुमचंच आहे, तुम्हीच म्हणा वर." मग जरा थांबून, जणू बाई अजून खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या आहेत आणि त्यांना ऐकू जाऊ नये, "पेडल तेवढं शिकवा मला. ते मला येत नाही."

बाबा हसले नाहीत. ते येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, उजवा बूट पुढे केला, फरशीवर टेकवला.

"सोपं आहे," ते म्हणाले. "आधी माझ्या पायावर पाय ठेव."